लाकडाची छाती तपासणाऱ्या वसुधाताई

कुणीतरी फार पूर्वी एका जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला. त्याची खरी किंमत अशी पडली: पायथ्याची ओकची अख्खी तुळई, तिच्यावरच्या खांबांचे पाय आणि डॉ. वसुधाताईंचं राहतं घर. ताईंच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकात हे आधी सांगतो, कारण आमची ओळखच त्या गिलाव्यामुळे झाली.

बर्मिंगहॅमला छातीचे विकार तपासण्यात हयात घालवून ताईंनी खेड्यातलं ते लाकडी सांगाड्याचं कॉटेज घेतलं. मी तेव्हा उसन्या व्हॅनमधून मिळेल ते काम करणारा गवंडी. सिमेंट काढायला त्यांनी मला बोलावलं.

"आत कामट्या आणि माती आहे, राजाभाऊ. त्या भिंतींना श्वास लागतो. चुना लावू."

"ताई, मला चुन्याचं काम येत नाही."

"मलाही नाही. शिकू."

चुन्यात घोड्याचे केस कालवायला त्या स्वतः बाह्या सरसावून उभ्या राहिल्या. माझा आजचा धंदा त्या शिकण्यातून उभा राहिला.

लाकूड त्या पेशंटसारखं तपासत. एक बोट तुळईवर ठेवायचं, दुसऱ्याने ठोकायचं आणि कान द्यायचा. महाराष्ट्र मंडळाचे पाहुणे आले की चहाआधी हे दर्शन ठरलेलं. "सगळे सांधे ओकच्या खुंट्यांचे. साऱ्या सांगाड्यात लोखंडाचा एक खिळा नाही."

"आणि पडलं तर, ताई?"

"तुमच्या नव्या न्यू-बिल्ड घरांनंतर पडेल."

पाहुणे हसत. ताई हसत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी पायथ्याची तुळई ठोकली. आवाज ओला, बद्द आला.

"ऐकलंत?"

"ऐकलं, ताई."

सिमेंटमागे कोंडलेली ओल आम्ही यायच्या आधीच आत मुरली होती. खांब खालून कुजलेत. इंजिनियर म्हणाला, इथे राहता येणार नाही. वाचवायचं तर सगळा सांगाडा सुटा करून पुन्हा उभारावा लागेल, आणि तो पुन्हा जुळेल याची हमी नाही.

ताई आता क्रॉयडनला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. रविवारी फोन येतो. "आवाज कसा आहे?" पेशंटला खोटा धीर द्यायचा नाही, ही त्यांचीच शिकवण. मी सांगतो, "बद्दच आहे, ताई." मग त्या माझ्या मुलींची चौकशी करतात.

ताईंनी शंभरी पाहावी, गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी, कान असेच तिखट राहावेत. घरासाठी काही मागायचा धीर मला होत नाही. ते सध्या माझ्या सहा लोखंडी टेकूंवर उभं आहे.