सुमनच्या अभ्यासाला मामा

अभ्यास कसा करावा, हे बेंगळुरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मला का ठाऊक नसावं? सातवीचं पुस्तक मी इतकी वर्षं धरून बसलो, की शेवटी मास्तरांनीच हात जोडले. मग सुईदोरा धरला आणि शिंपी झालो.

आणि असल्या माणसाला गुरू व्हायची हौस! आता कुठल्या तोंडानं सांगू? सांगतोच, तुमचा चहा मात्र गार होऊ देऊ नका.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या अक्काची सुमन कॉलेजात होती आणि अर्थशास्त्रात एकदा आपटली होती. भावजींनी बजावलं होतं, यंदा वार्षिक परीक्षेत पुन्हा आपटलीस तर कॉलेज बंद, आनेकलचं स्थळ पक्कं. पोरीनं धसकाच घेतला.

एका संध्याकाळी पुस्तक घेऊन ती थेट माझ्या दुकानात आली. म्हणाली, मामा, स्वल्प ऐका, मी तुम्हाला धडा समजावते. कॉलेजची पोरगी, आणि माझ्याकडे? सदऱ्याला काजं करता करता माझी छाती अशी फुगली, की मापाच्या पट्टीत मावेना.

तिनं सांगितलं, भुकेल्या माणसाला पहिली इडली सगळ्यात गोड, पुढची प्रत्येक जरा जरा फिकी. मला कुठलं कळायला?

मी म्हटलं, "मग तुझे बाबा सात सात इडल्या हाणतात, ते काय शिक्षा म्हणून?"

ती चिडली, पण पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. मी रोज नवी खोडी काढायचो, ती रोज नवं उदाहरण शोधायची. गिऱ्हाईकं हसून बेजार. कॉलेजातल्या छोट्या परीक्षेत तिचे मार्क चढले. श्रेय कुणाचं? माझं! गल्लीभर मीच सांगत फिरलो.

तिथंच घात झाला. एवढा मोठा गुरू आणि डोकं कोरं, शोभतं का? यशवंतपूरच्या बाजारातलं एक गिऱ्हाईक बी.कॉम. झालेलं होतं. त्याचा सदरा फुकट शिवला आणि गुपचूप सगळे धडे समजून घेतले.

मग काय, सुमननं तोंड उघडलं की वाक्य मी पुरं करायचो. सरी, सरी, बरं बरं, कळलं, पुढं चल. ती पुस्तक मिटून घरी जायची. मला वाटलं, शिष्या तयार झाली.

वार्षिक परीक्षेआधी कॉलेजनं सराव परीक्षा घेतली. सुमन साफ आपटली. भावजी आनेकलची बस कितीला सुटते ते विचारू लागले.

मी तावातावानं तिला गाठलं. "अगं, मला सगळं येतं, आणि तुला कसं येत नाही?"

डोळे पुसत ती म्हणाली, "मामा, आमच्या मॅडमनी सांगितलं होतं, घरात ज्याला काही म्हणजे काही कळत नाही, त्याला शिकवा, म्हणजे आपलं पक्कं होतं. घरी सगळ्यांनी एकमतानं तुमचं नाव घेतलं. आता तुम्हीच शहाणे झालात, तर मी जाऊ कुणाकडे?"