मागच्या दारातला माझा शब्द

सुखदेव गेल्याची बातमी मला ऊर्जानगरच्या बसथांब्यावर कळली. नागभीडहून आलेल्या त्याच्या शेजाऱ्याने सांगितलं, सकाळी अंगणात चहा पिता पिताच गेला. कॉलेजपासूनचा दोस्त तो... पण खरं सांगायचं तर मागोमाग हेही मनात आलं, की आता लोक त्याची ती कविता आणखीच डोक्यावर घेणार. मेल्यावरही हा गडी माझ्या पुढेच.

कवितेतली गोष्ट माझी होती. मी इंग्रजीचा मास्तर, तो विज्ञानाचा. दिवाळीच्या सुट्टीत नागभीडजवळच्या तलावाच्या पाळीवर बसून मीच त्याला ती ग्रीक कथा सांगितली. एक शापित वनकन्या, तिला स्वतःहून बोलता येत नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणता येतात. आणि ती ज्याच्यावर जीव टाकते तो देखणा पोरगा पाण्यात स्वतःचाच चेहरा बघत बसलेला. सुखदेवने समोरच्या टेकडीला हाक मारून पाहिली, टेकडीने ती परत केली, तो खूश झाला. या कथेवर सुनीत लिहायचं म्हणून मी कितीतरी दिवस कागद फाडत होतो. हा आठवडाभरात कविता घेऊन हजर.

आणि ती चांगली होती, हेच तर दुखणं. ग्रीसचे डोंगर काढून त्याने तलावाची पाळ आणि धानाच्या बांध्या आणल्या. पोरीला नावच दिलं नाही. पाण्याला कान दिले, याला चेतनगुणोक्ती म्हणतात हे मी त्याला सांगितलं. पाण्यातला चेहरा म्हणजे स्वतःवरच भाळलेलं गाव, हे रूपकही मीच उलगडून दाखवलं. शेवटी पोरगा विचारतो, "पलीकडे कोणी आहे?" आणि त्याचाच शेवटचा शब्द तिचं उत्तर होतो, "आहे." स्वतःचा एक शब्द जवळ नसताना ती सगळं बोलून जाते. पुनरुक्ती म्हणावी तर प्रश्नाचं उत्तर झालेलं, यमक म्हणावं तर शब्द तोच. कोणता अलंकार म्हणावा ते माझ्या पुस्तकांत सापडेना. त्याला विचारलं तर म्हणाला, "नाव तू शोधत राह्य. मले आवाज आयकू येते."

ऊर्जानगरच्या कविसंमेलनात त्याने एक युक्ती काढली. तो मंचावरून वाचणार आणि मी सभागृहाच्या मागच्या दाराबाहेर उभा राहून प्रत्येक प्रश्नाचा शेवटचा शब्द परत म्हणणार. मीच काऊन, असं विचारलं तर म्हणे, "तुहा आवाज दुरून मस्त वाटते." लोकांना ते इतकं आवडलं, की पुढे चंद्रपूर असो की गडचिरोली, आमची जोडी ठरलेलीच. हार त्याच्या गळ्यात, डास माझ्या वाट्याला. टाळ्या भिंतीतून ऐकायच्या आणि जळायचं... परत येताना एसटीत तो माझ्याच खांद्यावर डोकं टेकून झोपायचा.

शोकसभा त्याच्या शाळेत झाली. शांतावहिनी म्हणाल्या, "तुमीच वाचा जी भाऊ. दुसऱ्या कोनाले नाई जमनार." मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. इतक्या वर्षांनी मी पुढे, माईकसमोर. आवाजही लागला. शेवटी मी विचारलं, "पलीकडे कोणी आहे?" आणि सुखदेव थांबायचा तसा थांबलो.

उत्तर देणारा तर मीच होतो, आणि मी इथे उभा. पण सगळ्यांच्या माना मागच्या दाराकडे वळल्या. वहिनीही वळून बघत होत्या. दारात ऊन होतं आणि चपला होत्या. ज्या जागेचा मी आयुष्यभर राग केला, तिथे आज सगळी सभा त्याला शोधत होती. तीही जागा त्यानेच घेतली. वहिनी हळूच म्हणाल्या, "थांबले काऊन भाऊ?" मला पुढचा शब्द म्हणता आला नाही. मी कागद घडी करून खाली उतरलो.

परवा ऊर्जानगरच्या सभागृहावरून जाताना पाहिलं, आत कोणी नव्हतं. मी मागच्या दाराबाहेर माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. "आहे" म्हणायला तोंड उघडलं... पण पुढून त्याने विचारल्याशिवाय तो शब्द माझ्याने निघत नाही.