परवानगीची रोड ट्रिप

घरात प्लास्टिकचे डबे साठतात ना, तसे किस्से साठतात. कुणी आणले आठवत नाही, टाकवत तर अजिबात नाहीत, आणि एकाचं झाकण शोधायला जावं तर दुसराच अंगावर पडतो! गेल्या सप्टेंबरात मी नातीच्या मित्रांबरोबर जपानच्या खेड्यापाड्यांतून गाडीने हिंडून आले. तेव्हापासून माझं कपाट धड बंद होत नाही.

माझा मुलगा मंदार टोकियोतल्या निशी-कसाईत राहतो आणि मी आता त्याच्याकडे. नात सई त्सुकुबाला युनिव्हर्सिटीत शिकते. ती फोनवर म्हणाली, "आजी, आम्ही फ्रेंड्स रोड ट्रिपला चाललोय. तू पण चल ना!"

मी शाळा सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं स्वतःच्या हिमतीवर. इंग्रजी रद्दीतल्या मासिकांवरून, ड्रायव्हिंग नवऱ्याच्या टेम्पोवर आणि जपानी इथल्या भाजीवालीशी हुज्जत घालून! त्यामुळे एवढं मला कळतं की विशीतली पोरगी आपण होऊन आजीला ट्रिपला नेत नाही. नेते तेव्हा काहीतरी काम असतं.

*

काम कोणतं, ते पहिल्या चहालाच कळलं.

गाडीत चौघं. मी, सई, गाडी चालवणारा युता आणि सोलापूरचा ओंकार. हा ओंकार त्सुकुबात मातीवर पीएचडी करतो, पण एरवी त्याचा सगळा अभ्यास खाण्यावर. कोंबिनीपाशी थांबलो. कोंबिनी म्हणजे इथलं चोवीस तास उघडं असणारं दुकान. सईला तहान लागली आणि तिने सरळ युताच्या बाटलीला तोंड लावलं! जी मुलगी लहानपणी माझ्या भांड्यातलं पाणी प्यायची नाही, ती!

सई आणि युता आत गेल्यावर मी ओंकारला धरलं. "किती दिवस चाललंय?"

"काय आजी?"

"तुला दशमी हवीय ना?"

ओंकारच्या पोटात दशमी राहते, गुपित राहत नाही. दोघांना लग्न करायचंय. मंदार म्हणाला, "आई हो म्हणाली तर माझी हरकत नाही." युताचे आईवडील म्हणाले, "गावच्या आजी हो म्हणाल्या तर आमचीही नाही." म्हणजे दोन घरं, दोन म्हाताऱ्या! एकीला गाडीत घातलंय आणि दुसरीकडे गाडी चाललीय.

मी सईला काही बोलले नाही. मला विचारलंय का कुणी?

*

गाडी भाड्याची. निघतानाचीच गोष्ट, गाड्या भाड्याने देणाऱ्या दुकानातला माणूस हातमोजे घालून आला, गाडीभोवती वाकून वाकून फिरला, एकेक ओरखडा दाखवला. तोवर मी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. तो नेमका तिथेच थबकला.

सई लाजेने लाल. "आजी, प्लीज!"

"प्लीज काय? परक्याची गाडी, परका रस्ता!"

युताने त्या माणसाला हळू आवाजात काहीतरी समजावलं. तो गंभीर झाला, हातमोजे काढले, लिंबासमोर कंबरेत वाकला आणि म्हणाला, "आम्हीही नवी गाडी आधी देवळात नेतो."

मग युताने गाडी इतकी हळू पुढे घेतली की लिंबू फुटायला वेळच लागला. तो माणूस मात्र ते फुटेपर्यंत वाकलेलाच!

*

युताचं लायसन्स नवं. नवशिक्याने गाडीला हिरवं-पिवळं पान चिकटवायचं असा इथे नियम. मी विचारलं, "नवशिक्याला पान, मग जुन्याजाणत्याला काय?"

सत्तरी ओलांडलेल्या ड्रायव्हरसाठी चार पाकळ्यांचं रंगीत चिन्ह असतं म्हणे. मी म्हटलं, "तेही लावा. गाडीत मी आहे!"

"पण आजी, चालवणार युता ना!"

"रस्ता कोण सांगणार?"

शंभर येनच्या दुकानातून ते चिन्हही आलं आणि पानाशेजारी बसलं. त्यानंतर मागे एक गाडी फिरकेल तर शपथ! पाठीमागून येणाऱ्याने दोन्ही चिन्हं पाहिली की तो ब्रेक मारून लांब राहायचा. गाडी अठरा वर्षांचा चालवतोय की ऐंशी वर्षांचा, कुणालाच अंदाज येईना. ओंकार मागे वळून म्हणाला, "आजी, एवढा मोकळा रस्ता तर मंत्र्यालाही मिळत नाही!"

*

एका गावात गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह होतं. तिथे कपडे काढूनच उतरायचं. मी म्हटलं, साडीसकट उतरेन, नाहीतर बाहेर बसेन. एवढ्यात माझ्याच वयाची एक बाई समोरून अशी निवांत चालत आली जणू कोथिंबीर आणायला निघालीय! म्हटलं, हिचं काही अडत नाही तर माझंच काय मोठं अडलंय?

सई माझी पाठ चोळत होती. लहानपणी मी तिची चोळायचे.

आमची सई रागावली की इंग्रजीत बोलते, घाबरली की जपानीत आणि भूक लागली की मराठीत. ती जपानीत पुटपुटायला लागली.

"मराठीत विचार. तरच उत्तर देईन."

तिने एक भांडंभर पाणी माझ्या पाठीवर ओतलं. मग म्हणाली, "आजी... युता चांगला आहे ना गं?"

"आधी पाठ नीट चोळ."

रडतेय की घाम पुसतेय, मागे वळून पाहिलं नाही मी. पण पाठ इतकी छान कुणी चोळली नव्हती!

*

दुसऱ्या दिवशी भाताच्या शेतांमधून चाललो होतो. एक रेल्वे फाटक आलं. फाटक उघडं, घंटा बंद, रूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामे. युताने गाडी थांबवली. काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि कान देऊन ऐकत बसला.

मी म्हटलं, "काय झालं?"

सई म्हणाली, "काही नाही गं. इथे थांबून ऐकायचंच असतं. रूलच आहे."

"सगळे ऐकतात?"

ओंकार म्हणाला, "सगळे थांबतात, आजी. काच उघडून ऐकणारा मी हाच एक पाहिला."

मी पर्समधून आवळासुपारी काढली आणि मागून त्याच्या हातावर ठेवली. सईला म्हटलं, "सांग त्याला. न दिसणाऱ्या गाडीसाठी जो थांबून ऐकतो, तो बायकोचंही ऐकेल."

सईने सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून एकाही भाषेत शब्द फुटेना!

शेवटी ओंकारनेच भाषांतर केलं. युताने गाडी बाजूला घेऊन उभी केली, उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि रस्त्यातच मला वाकून नमस्कार केला. "आरिगातो, आजी-सान!"

मी म्हटलं, "एवढ्यात नको. अजून तुझी आजी बाकी आहे."

*

त्याची आजी, फुमि-सान.

गाव डोंगराच्या कुशीत. एका बाजूला सफरचंदाची बाग, दुसऱ्या बाजूला कापलेला भात उलटा टांगून वाळत घातलेला. फुमि-सान शिडीवर होत्या. आम्हाला पाहून उतरल्या नाहीत. हातातली फांदी पूर्ण करून मग उतरल्या. मला बाई तिथेच आवडली!

मी बेसनाचे लाडू दिले. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि सरळ आत नेऊन देव्हाऱ्यासारख्या कपाटात यजमानांच्या फोटोपुढे ठेवला. ओंकारचा चेहरा पडला. मीही फोटोपुढे हात जोडले. फोटोतल्या माणसाचे कान युतासारखे होते.

चहा झाला. युता गुडघ्यांवर बसला आणि त्याने विचारलं. सई त्याच्या शेजारी, मान खाली. मला सगळे शब्द कळले नाहीत. पण एवढं कळलं, की पोरगा अडखळला नाही.

फुमि-सान ऐकत राहिल्या. मग सईच्या हातांकडे पाहिलं, माझ्या साडीकडे पाहिलं, उठल्या आणि बाहेर निघून गेल्या.

आम्ही वाट पाहिली. चहा गार झाला. युता जपानीत काहीतरी म्हणाला, ते सईने मला सांगितलं नाही. नकार आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून मीच ओळखलं. आम्ही उठलो, ओंकारने बॅगा उचलल्या. सई गाडीपाशी तोंड फिरवून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलणार? दुसऱ्याच्या घरचा शब्द होता तो.

एवढ्यात हाक आली. "माते! माते!" जपानीत म्हणजे थांबा, थांबा!

फुमि-सान धावत येत होत्या. कडेवर सफरचंदांची टोपली, हातात तांदूळ मोजायचं लाकडी माप, नव्या तांदळाने शिगोशीग. थेट माझ्यासमोर आल्या. द्यायचं कशात? इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्या पदराकडे बोट केलं.

मी पदर मागे घेतला. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. जपानीत काय सांगणार, नुसती मान हलवली.

त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. स्वतःच्या हाताने माझा पदर पुढे ओढला, पसरला, त्यात तांदूळ ओतला आणि वर एकेक करून सफरचंदं ठेवली. ठेवताना प्रत्येक फळ आपल्या ॲप्रनला पुसत होत्या.

ओंकार पुढे झाला. "आजी, यांना सांगू का, आपल्याकडे हे..."

"गप बस!" मी म्हटलं.

फुमि-सान घरात गेल्या आणि माप पुन्हा भरून घेऊन आल्या. या वेळी सईपुढे उभ्या राहिल्या.

सईला पदर नव्हता. तिने स्वेटशर्टचं टोक दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.