उत्तनच्या देवळाची घंटा आणि माझं प्रमाणपत्र

लढाई सुरू झाल्यापासून आम्हा कवायत मास्तरांना बरे दिवस आले आहेत. एरवी शाळेत आमची गत घरात नको असलेल्या पाहुण्यासारखी. आता सरकार स्वतः बोलावून घेतं. बॉम्ब पडले तर गावकऱ्यांनी काय करायचं हे शिकवायला ग्रँट मिळते, आणि दुसरा हप्ता सुटण्यापूर्वी कुणीतरी जाऊन 'गाव तयार आहे' असं प्रमाणपत्र लिहून द्यावं लागतं. उत्तन वैशाखात मीच शिकवलं होतं, म्हणून दिवाळी झाल्यावर तपासणीलाही मलाच धाडलं. मी हौसेनं निघालो, हे आधी कबूल करतो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. शनिवारी सकाळी भाईंदरला उतरावं आणि स्टेशनाबाहेर बैलगाडी ठरवावी. गाडीवाला रुपया मागतो, बारा आण्यांवर येतो. वाट तीन कोसांची. मुर्धा, राई करत जाताना दोन्ही बाजूंना मिठागरं लागतात आणि ऊन पाण्यावरून थेट डोळ्यांत येतं, म्हणून छत्री घ्या. पाणीही बरोबर ठेवा, कारण तिथल्या विहिरी मचूळ आहेत.

माझा गाडीवाला मुर्ध्याचा, गणपत नावाचा. बोलका होता. डोंगरीला चहाला थांबलो तेव्हा त्यानं विचारलं, "ते घंटेवालं मास्तर तुमीच काय?"

मी छाती फुगवून हो म्हटलं. पुढे उत्तन येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. सरकारी माणूस म्हणून बिचकला असेल, असं मला वाटलं.

घंटेचं मी सांगायला हवं. ग्रँटमधून बादल्या आल्या, वाळूची पोती आली, खंदक खणायची मजुरी आली. पण भोंगा काही आला नाही. गावाला इशारा द्यायचा कशानं? उत्तनचे ख्रिस्ती कोळी चर्चला देऊळ म्हणतात, आणि त्या देवळाची घंटा साऱ्या गावात ऐकू जाते. मी म्हटलं, झालं काम! घंटा भरभर वाजली की सगळ्यांनी खंदकात उतरायचं, पालथं पडायचं, कानांत बोटं घालायची, दातांत काटकी धरायची. आणि शिट्टी होईपर्यंत डोकं वर काढायचं नाही. चार दिवस हेच घोटून घेतलं. कोळी माणसं शिकायला पटाईत.

देवळाच्या पायरीवर घंटा वाजवणारा म्हातारा इनास बसला होता. मी घड्याळ काढलं. "बाबा, वाजवा घंटा. बघू किती मिनिटांत गाव खंदकात जातं."

"न्हाय वाजवाची."

"अहो, तपासणी आहे!"

"तपासनी झाली, मास्तर. जाकोची होडी उलटली तवा झाली."

मग त्यानं सांगितलं. पावसाळा सरल्यावर एके दिवशी भर दुपारी, ओहोटीच्या वेळी, जाकोची होडी समोरच्या खडकावर आपटून उलटली. होडीत जाको आणि त्याचा भाऊ. इनासनं पाहिलं आणि घंटा भरभर वाजवली. त्या गावात बापजाद्यांपासून तसंच आहे: भरभर घंटा म्हणजे दर्यात कुणीतरी संकटात आहे. ती ऐकली की पुरुष ताटावरून उठतात, बायका दोर उचलतात, आणि सारा गाव किनाऱ्याला धावतो.

"पन त्या दिशी कुनीच येई ना," इनास म्हणाला. "सगला गाव तुमच्या खड्ड्यान. मी जोरान वाजवत व्हतो, आन ते आजून खाली दबत व्हते."

भाऊ पोहत आला. जाको आला नाही.

मला वैशाखातला शेवटचा दिवस आठवला. याच म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, "मंग दर्याची घंटा कंची, मास्तर?" माझी गाडी दारात उभी होती. मी म्हणालो होतो, आधी लढाईचं बघा, बाकीचं मागून ठरवू. इतकंच. त्याचा प्रश्न मला कळला नव्हता असं नाही. मला निघायची घाई होती.

जाकोची बायको नाताल अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिनं मला बसायला फळी दिली, तांदळाची भाकरी आणि कालवण पुढे ठेवलं. "बाई, चूक माझी आहे," मी कसाबसा म्हणालो.

ती हात न थांबवता बोलली. "मी पन खड्ड्यान व्हते, मास्तर. कानान बोटं घातली व्हती, दातान काटकी. तुमी सांगला तसा. मनान म्हनत व्हते, बरा हाय, माझा मानूस दर्यान हाय, त्याच्यावर बॉम पडाचा न्हाय."

मी ताटावरच रडलो. तिनं मला रडू दिलं.

जरा वेळानं म्हणाली, "लोकांना इनासबाबानं सांगून पायला. पन ते म्हनतात, सरकारचा हुकूम हाय. तुमी शिकवलाव, तुमीच मोडा."

रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी देवळापुढे उभा राहिलो. सांगितलं की मी चुकलो, घंटा दर्याचीच राहील, आणि त्यामुळे प्रमाणपत्र देता येणार नाही. दुसऱ्या हप्त्यातली मलमपट्टीची पेटीही यायची नाही. मागून एकजण म्हणाला, "बुडालेल्याला पट्टी कशाला?" त्याला कुणी गप्प केलं नाही.

मग इनासला म्हटलं, वाजवा. त्यानं भरभर घंटा दिली. सारा गाव ऐकत होता, सगळ्यांना कळलं होतं, तरी माणसांचे पाय आधी खंदकाकडेच वळले. मी केलेलं ते काम मी डोळ्यांनी पाहिलं. एकटी नाताल भिंतीवरचा दोर खांद्यावर टाकून किनाऱ्याकडे पळत सुटली. समोर दर्या रिकामा होता. मग तिच्यामागून एक गेला, दुसरा गेला, आणि मग सगळे.

मुंबईला परतून मी अहवालात घडलं तसं लिहिलं. साहेबांनी मला दुसऱ्या कामावर घातलं, भोंग्याचा माझा अर्ज अजून कुठेतरी पडून आहे. उत्तनचा समुद्र कसा होता, असं मित्र विचारतात. मला तो नीट आठवत नाही. आठवतात ते वळलेले पाय.

तुम्ही मात्र जरूर जा. बोंबील ताजे मिळतात, माणसं आल्यागेल्याला जेवू घालतात. तिथे असताना घंटा भरभर वाजली, तर मी शिकवलेलं असलं-नसलं सगळं विसरून त्यांच्यामागे किनाऱ्याला धावा आणि दोराला हात लावा. त्या गावात ओढायला एक माणूस कमी आहे.