चौदावी फ्रेम

सकाळी सहाच्या सुमारास फोन वाजला. सुमनवहिनी बोलत होत्या. माझा मित्र भानुदास याची पत्नी. "भावजी, तुमी कुठं हायत?" एवढेच त्यांनी विचारले. मी माजलगावात, माझ्या घरी, चहाचा कप हातात घेऊन उभा होतो. तसे सांगितले. फोन बंद झाला. पाच मिनिटांनी त्यांच्या पुतण्याचा, गणेशचा, फोन आला. पाटोद्याजवळच्या माळावर भानुदास आपल्या दुर्बिणीशेजारी, खुर्चीत बसल्या जागी गेला होता. पवनचक्क्यांच्या राखणदाराने त्याला पहाटे पाहिले.

आदल्या रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी वहिनींनी मला जवळपास हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा मी वेगळे उत्तर दिले होते. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

भानुदास आणि मी पाटोद्याच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो आणि धरणाचे पाणी मोजण्यात माझी नोकरी संपली. त्याने गावात फोटो स्टुडिओ काढला. तालुक्यातली दोन पिढ्यांची लग्ने त्याने टिपली. गावात कोणी गेले की घरचे लोक जुना सामूहिक फोटो घेऊन त्याच्याकडे येत. तो त्यातून एक चेहरा अलगद वेगळा करून, मोठा करून, हार घालण्याजोगा करून देई. स्टुडिओच्या मागे अरुंद अंधारखोली होती. फिल्म गेली, खोलीतला लाल दिवा विझला, तरी ती खोली त्याने मोडली नाही. मोबाइलने धंदा बुडवला तेव्हा त्याने लग्नाचे दोन्ही कॅमेरे विकले आणि आकाशाचा एक कॅमेरा घेतला. तो कॅमेरा केवळ कृष्णधवल चित्र काढतो, याचाच त्याला आनंद अधिक. "रंग मागून भरायचे बे इंजिनेर," तो मला म्हणाला होता, "आपुन आधी करतच व्हतो की."

पहिली फ्रेम त्याने मला त्याच अंधारखोलीत संगणकावर दाखवली.

"काय दिसायलंय?"

"काळे."

"धरनावर बी असंच मोजलं का पानी? नीट बघ."

त्याने पडद्यावर काहीतरी सरकवले आणि डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर चेहरा उमटावा तसा त्या काळ्यातून एक मेघ वर आला. मोठा, गोल, पाकळ्यापाकळ्यांचा, आणि मधोमध पोकळ. मृग नक्षत्राच्या पूर्वेला हा तेजोमेघ आहे. जगात त्याला गुलाबाचे नाव आहे. भानुदास त्याला झेंडू म्हणे.

पुढली तीन वर्षे त्याने दुसरे काही टिपले नाही. त्यासाठी दोन जातींचे फिल्टर लागतात, आणि ती गोष्ट त्याने मला ज्या शब्दांत समजावली त्याहून चांगले शब्द माझ्याकडे नाहीत. "हे अरुंद फिल्टर म्हंजी मांडवाच्या दारात बसलेलं खवट म्हातारं. वळखीच्या एकाच मान्साला आत सोडतंय. हायड्रोजनवालं हायड्रोजनलाच, ऑक्सिजनवालं ऑक्सिजनलाच. आन रुंद फिल्टर म्हंजी गावजेवन. समदे या. चांदन्या या, खांबावरचे दिवे या, कुत्रं बी या." अरुंद फिल्टरमधून मेघ उत्तम येतो. गावात दिवे असोत, चांदणे असो, बिघडत नाही. ते काम त्याने स्वतःच्या गच्चीवरून पुरे केले. पण त्यात ताऱ्यांचे रंग खोटे येतात. सारे तारे एकसारखे जांभळट दिसतात. म्हणून मेघाच्या चित्रातले तारे संगणकावर पुसायचे, आणि लाल, हिरवा व निळा अशा तीन रुंद फिल्टरांतून वेगळे टिपलेले खरे तारे त्यांच्या जागी बसवायचे. या कामाला मात्र खरा अंधार लागतो. तसा अंधार गावात राहिलेला नव्हता. तो वर माळावर होता, आणि तोही अमावस्येलाच.

माळावर पवनचक्क्या आहेत. त्यांचे तांबडे दिवे एकाच वेळी लागतात आणि एकाच वेळी विझतात. पात्यांचा आवाज दोन श्वासांमधल्या अंतराने येत राहतो. मला ती जागा कधी आवडली नाही. तरी अमावस्येला मी एसटीने फाट्यावर उतरे, भानुदास मोटरसायकलवरून मला वर नेई, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने मी बहुधा परस्पर परते. माझे काम दोन पोटल्यांचे. थंडीत दुर्बिणीच्या काचेवर दव धरते आणि तारे फिकट होत जातात. त्यासाठी विजेची पट्टी मिळते, पण ती बॅटरी खाते म्हणून भानुदासने घेतली नाही. वहिनींनी जुन्या लुगड्याच्या दोन लांबट पिशव्या शिवून त्यांत ज्वारी भरून दिली होती. एक पोटली छोट्या शेगडीवर, तव्यात तापत ठेवायची. दुसरी काचेजवळ नळीभोवती बांधायची. अर्ध्या तासाने बदलायची. बदलताना नळीला किंचित धक्का बसतो, आणि त्या फ्रेमवर प्रत्येक तारा दोनदा उमटतो. तशी फ्रेम त्याला मिळाली की तो माझ्यावर घसरे. "हात हाय का फावडं?" मग ती फ्रेम तो पुसून टाकी. हललेली फ्रेम ठेवायची नाही, हा त्याचा नियम होता.

गेल्या दिवाळीच्या आधी त्याच्या छातीत दुखले आणि डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. रात्रीची थंडी टाळा, असे बजावले. वहिनींनी माळ बंद केला. त्याने चार दिवस जेवणाच्या ताटावर मौन धरले. शेवटी वहिनींनी मला बोलावून घेतले आणि त्याच्यादेखत अट सांगितली. "भावजी संगं असले तर जा. न्हाईतर न्हाई."

"ह्यो काय डॉक्टर हाय का?" भानुदास म्हणाला.

"डॉक्टर न्हाईत. पन खोटं बोलत न्हाईत."



माळावर गेला की भानुदास आपला फोन बंद ठेवी. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना त्याचा उजेड चालत नाही. त्यामुळे वहिनी मला फोन करत, नऊच्या सुमारास. कार्तिकातल्या अमावस्येला मला जाणे जमले नाही. तो एकटाच गेला, आणि दुपारीच त्याने मला सांगून ठेवले, "फोन आला तर हाय म्हन." मी म्हटले. ढग आले आणि तो लवकर परतला. काही बिघडले नाही. एकदा पचलेले खोटे दुसऱ्यांदा जड जात नाही. मार्गशीर्षात मी गेलो होतो, पण पुन्हा ढग होते.

त्याच सुमारास माळावरच्या गावात उंच खांबावरचा हायमास्ट दिवा उभा राहिला. प्रजासत्ताकदिनी तो लागणार होता. भानुदास सरपंचांकडे गेला, तेव्हा मी बरोबर होतो. दिव्याला खालच्या बाजूला झाकण लावा, उजेड वर जाऊ देऊ नका, एवढेच त्याचे म्हणणे. सरपंच हसले. "भानूभाऊ, समद्या गावाला उजेड पायजे, आन तुमाला एकट्यालाच अंधार पायजे व्हय?"

"तुमच्या कारभारावर पडायचा उजेड न्हाई ह्यो. झाकन लावायला कावून भेता?"

पारावरची मंडळी हसली. सरपंचही हसले. झाकण लागले नाही. परतताना भानुदास मला म्हणाला, "पौषाची आवस तेवढी हाय बघ आता."

पौष अमावस्येला दुपारी त्याचा फोन आला. आकाश धुतल्यासारखे होते.

"येतोस ना?"

"थंडी फार आहे. पुढच्या अमावस्येला पाहू."

"पुढल्या आवसेला तिथं दिवा असन बे. मंग काय चांदन्या सरपंचाच्या घरून आनू?"

"मग एकटा जाऊ नकोस."

"एकटा कुठं? तू हायस की फोनवर." तो हसला. "लाल, हिरवा, निळा. दोन-दोन तास. येवढं झालं की मी माळाचं नाव काढत न्हाई."

मी बरे म्हटले. मी आजारी नव्हतो. गाडी चुकली नव्हती. गुडघा दुखत होता, पण तो रोजच दुखतो. मला थंडीचा कंटाळा आला होता.

नऊ वाजून पाच मिनिटांनी वहिनींचा फोन आला, तेव्हा मी पांघरुणात होतो.

"भावजी, हायत ना संगं?"

"आहे."

"गोळी खाल्ली का त्यांनी?"

"खाल्ली."

"कानाला मफलर?"

"आहे."

"मंग मी निजते."

तीन प्रश्नांना तीन उत्तरे. त्यातले पहिले भानुदासने मागितले होते. उरलेली दोन माझी स्वतःची.

अंत्यविधीला मी गेलो. वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या रात्रीविषयी त्यांनी मला तेव्हा काही विचारले नाही, आणि आजवर विचारलेले नाही. गणेशने मला शांतपणे विचारले की काकांच्या सदऱ्याच्या खिशात एक गोल हिरवी काच सापडली, ती कशाची? मी सांगितले. पुढचा फिल्टर तो खिशात ठेवत असे, अंगाच्या उबेने त्यावर दव धरू नये म्हणून.

महिन्याने गणेशने मला बोलावले. काकांच्या संगणकात काय आहे ते घरात कोणाला कळत नव्हते. संध्याकाळी पाटोद्याला जाताना बसमधून माळाच्या दिशेला एक पांढरा उजेड दिसला. दिवा लागला होता.

अंधारखोलीत बसून मी त्या रात्रीच्या फ्रेम उघडल्या. आयुष्यभर मी नोंदी वाचल्या आहेत. याही वाचता आल्या. लाल फिल्टर, पाच-पाच मिनिटांच्या चोवीस फ्रेम, पहिली नऊ वाजून दहा मिनिटांनी. सुरुवातीच्या सहा स्वच्छ. सातवी हललेली. पुढच्या सहा स्वच्छ. चौदावी हललेली. त्यानंतर काही वेळ तारे टोकदार आहेत... एकविसाव्या फ्रेमपासून ते सुजू लागतात, तेविसावीत धुरकट होतात, आणि चोविसावीत जवळजवळ काही नाही. काचेवर दव धरले होते आणि पोटली कोणी बदलली नव्हती. कॅमेऱ्याला ते कळत नाही. तो आपले काम करत राहिला. यादीच्या शेवटी संगणकाने एक सूचना नोंदवली आहे: फिल्टर बदला. त्यापुढे नोंद नाही.

चौदावी फ्रेम पडद्यावर असतानाच वहिनी चहा घेऊन आत आल्या. मी ती झाकली. वहिनींनी पडद्याकडे पाहिले नाही. त्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. तिथे भानुदासचा हार घातलेला फोटो आहे, गाडीच्या परवान्यावरून मोठा केलेला. दुसऱ्यांचे चेहरे वेगळे करून देणाऱ्याचा स्वतःचा दुसरा फोटो घरात निघाला नाही. त्याशेजारी गणेशने झेंडूचे चित्र लावले आहे. ते संगणकात जसे सापडले तसेच छापलेले. तांबड्या-निळ्या पाकळ्या, आणि साऱ्या चित्रात एकही तारा नाही.

"यात चांदन्या कावून न्हाईत, भावजी?"

"त्या माळावरून घ्यायच्या होत्या. राहिल्या."

"मधी लई काळं हाय."

"तारे तिथेच असतात. त्यांच्याच प्रकाशाने हा मेघ उजळतो."

"हां," असे म्हणून त्यांनी माझा अर्धा भरलेला कप उचलला आणि त्या घरात गेल्या. दारामागच्या खिळ्याला दोन्ही पोटल्या टांगलेल्या होत्या. एक तळाशी करपलेली. ती त्या रात्री शेगडी विझेपर्यंत तव्यातच राहिली असावी.

मी तेव्हा सांगायला हवे होते. सांगितले नाही.

वहिनी रविवारची पुरवणी ओळ न ओळ वाचतात. भानुदास त्यावरून त्यांना चिडवत असे: "ही वधू पाहिजेच्या जाहिराती बी वाचती, कुनासाठी ते ठाव न्हाई." म्हणून हे इथे लिहितो.

वहिनी, तुमचा फोन आला तेव्हा तो जिवंत होता. सातवी फ्रेम नऊ चाळीसची आहे, चौदावी सव्वादहाची. दोन्हींत प्रत्येक तारा दोनदा उमटला आहे. म्हणजे दोन्ही वेळा तो खुर्चीतून उठला, तव्यावरची पोटली घेतली आणि नळीला बांधली. मी खरे सांगितले असते तर तुम्ही गणेशला पाठवले असते, आणि गणेश मोटरसायकलने पंचवीस मिनिटांत माळावर पोचला असता. भानुदास वाचला असता की नाही, हे डॉक्टर सांगतील. तो एकटा नसता, एवढे मी सांगू शकतो.

बाकीच्या फ्रेम गणेशकडे आहेत. चौदावी पुसून टाकायची होती, त्याच्या नियमाप्रमाणे. ती मी पुसलेली नाही. माझ्याकडे ठेवली आहे. मागाल तेव्हा आणून देईन.