मडक्याला घातलेली माळ

मी काय काम करते हे आमच्या घरात कोणालाच धड सांगता येत नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं की आई म्हणते, कम्प्युटरवर दवायांचं पाहते. त्यामुळे गावाला वाटतं की मी औषधांच्या एजन्सीत आहे. खरं तर माझं काम निवाड्याचं आहे. एखाद्या उपचारावर जगभरात जेवढे प्रयोग झाले असतील तेवढे शोधायचे, एकेक वाचायचा, कोणता इमानानं केलाय आणि कोणता नुसता उरकलाय ते ठरवायचं, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून सांगायचं की हा उपचार लागू पडतो की नाही. आम्ही काही जण वेगवेगळ्या गावांत बसून हे करतो. मी जानेफळला, गच्चीवरच्या खोलीत, कारण नेट तिथंच बरं येतं.

बहुतेक वेळा आमचं उत्तर एकच असतं. पुरावा अपुरा आहे. महिनोन्‌महिने डोळे फोडून हेच. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चिडवतो की एवढं सांगायचा पगार मिळत असेल तर तो शेताच्या धुऱ्यावर बसूनही सांगायला तयार आहे. मला त्याचा राग येतो. मला राग लवकर येतो. कोणी म्हणालं की अमक्यानं तमका काढा घेतला आणि त्याची शुगर पळाली, की माझं डोकं उठतं. किती जणांनी घेतला, न घेणाऱ्यांचं काय झालं, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. लग्नाकार्यात लोक माझ्या शेजारची खुर्ची रिकामी सोडतात.

मागे एका भादव्यात गावात काविळीची साथ आली. नळाची पाइपलाइन नालीजवळ फुटली होती आणि ते कोणाच्या ध्यानात यायला उशीर झाला. आधी शाळेतली पोरं पडली, मग मोठी माणसं, आणि मग वहिनी. दादाची बायको. तिला आठवा महिना चालू होता.

आमच्याकडे कावीळ म्हटली की डॉक्टर आठवत नाही, माळ आठवते. बीबी गावाच्या पुढे एका लहानशा खेड्यात एक म्हातारा कुठल्याशा वेलीच्या हिरव्या कांड्यांची माळ देतो. ती डोक्यावर ठेवायची. पहिल्या दिवशी टोपीएवढी असते, मग आपोआप लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर येते. पायापर्यंत पोचली की कावीळ उतरली. वहिनीचं माहेर त्याच बाजूचं, तिच्या माहेरी सगळे याच माळेनं बरे झालेले. आई तर म्हणाली की माळ घालून बरा न झालेला माणूस तिनं जन्मात पाहिला नाही.

हे खोटं नव्हतं, आणि तीच तर अडचण होती. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ बहुतेकांची आपली आपण बरी होते. काही केलं नाही तरी होते. मग तेवढ्या दिवसांत माळ घाला, उसाचा रस प्या, नाहीतर रोज उंबऱ्याला पाया पडा, श्रेय त्याला मिळतं. पण पोटुशा बाईचं तसं नसतं. शेवटच्या महिन्यांत हीच कावीळ उलटू शकते. लिव्हर बसतं, रक्त गोठेनासं होतं, बाई आणि बाळ दोन्ही हातचे जाऊ शकतात. बाकी कशाबद्दल मी शंका काढत असले तरी याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. जेवतानाच मी दादाला म्हटलं, सकाळी हिला बुलडाण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

दादानं घास खाली ठेवला. "तिथं औषध कोणतं देतीन?"

मी जे खरं ते सांगितलं. या काविळीला मारणारं असं औषध नाही. ते रक्त तपासत राहतील, लक्ष ठेवतील, बिघडलं तर वेळेवर हात चालवतील.

"म्हणजे काईच नाई देत," दादा म्हणाला. "म्हातारा माळ तरी देते."

आईनं मान डोलावली आणि त्याला अजून अर्धी भाकर वाढली. मी ताटावरून उठले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. कोणी तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा बीबीकडे निघाला. त्याला अडवणं माझ्यानं झालं नाही, तेव्हा मी भलताच हट्ट धरला की आणशील तर दोन माळा आण. म्हाताऱ्यानं विचारलं असणार, दुसरी कोणासाठी. दादानं गडबडून सांगून टाकलं की बहिणीलाही झाली आहे. एक माळ वहिनीच्या डोक्यावर गेली. दुसरी मी एका रिकाम्या मडक्यावर ठेवली आणि ते मडकं वहिनीच्याच खोलीत, तिच्या खाटेशेजारी ठेवलं. ओल्या कांड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. त्याला माणूस लागत नाही. हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं की वाद मिटेल आणि गाडी बुलडाण्याच्या रस्त्याला लागेल, असा माझा हिशेब. माझ्या कामात तुलनेशिवाय आम्ही कोणाचं ऐकत नाही. घरानंही ऐकू नये असं मला वाटत होतं.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वर बसून गुडघ्यांच्या इंजेक्शनवरचे प्रयोग वाचायची आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचून खाली यायची. वहिनीला पथ्य लावलेलं. तेल नाही, हळद नाही, फोडणी नाही, नुसती ताक-भाकर, आणि तीही पोटात ठरत नव्हती. मी चोरून तिला वरण-भात द्यायची, ती दोन घास खाऊन उलटी करायची. मग मी मडक्याकडे बघायची. आजारी माणसाला सोडून मडक्याच्या तब्येतीकडे डोळे लावून बसलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. मी तशी बसले होते.

दोन्ही माळा उतरल्या. मडक्याची तर जरा जास्तच. मी आईला हाताला धरून आणलं. तिनं एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा मडक्याकडे, वाकून मडक्याला हात लावला आणि तिचा चेहरा खुलला.

"पाह्य बाई," ती म्हणाली, "घरातली कावीळ हे मडकं ओढून राह्यलं."

संध्याकाळी मडक्याला कुंकू लागलं. शेजारच्या घरातून निरोप आला की पुन्हा कोणी बीबीकडे गेलं तर त्यांच्याही मडक्यासाठी एक माळ आणा. मला हसू यायला पाहिजे होतं. मी गच्चीवर जाऊन रडले, आणि रडताना दाराला दोन लाथाही घातल्या.

मग एका सकाळी वहिनीनं चूळ भरली ती लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. दादा गोठ्यातून आला. त्यानं मोरीतलं पाणी पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली. वाद मी जिंकला होता. त्या वादाचं मला आता काही घेणं नव्हतं.

बुलडाण्यापर्यंत वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माळ आता तिच्या पोटावर आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिच्यासमोरच सगळं सांगितलं. या काविळीचं म्हणून औषध नसतं. रक्त वाहू नये म्हणून सुई देऊ, लागलं तर रक्त चढवू, बाकी लक्ष ठेवायचं. वहिनी एकेक शब्द ऐकत होती. दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग होता की आधार शोधणं होतं, मला सांगता यायचं नाही.

लक्ष ठेवणं म्हणजे काय असतं ते मी हजार वेळा वाचलं होतं. आमच्या कामात ज्यांना काहीच खास दिलं जात नाही, त्या लोकांसाठी हे दोन शब्द लिहिलेले असतात. तिथं मी ते पहिल्यांदा बसून पाहिलं. सिस्टर यायची, रक्त घ्यायची, डोळे बघायची, शुद्ध नीट आहे ना ते पाहायला वहिनीला तिचं नाव विचारायची, गाव विचारायची, उत्तर नीट आलं की लिहून निघून जायची. पुन्हा यायची. मी वऱ्हांड्यात येरझारा घालत होते. दादा म्हणाला, "बस ना वं जरा, मले भोवळ येऊन राह्यली." मी बसले आणि पुन्हा उठले. सिस्टर माळ काढायला लागली तेव्हा वहिनीनं ती मुठीत धरली. राहू द्या, असं सिस्टरला म्हणणारी मीच होते. त्या घटकेला कोणी मडकं आणून ठेवलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं.

मुलगी झाली, दिवस भरायच्या आधी. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली. वहिनीला रक्त चढवावं लागलं. मग हळूहळू तिचे डोळे निवळले.

घरी आल्यावर ज्याचं त्याचं उत्तर तयार होतं. आई म्हणायची माळेनं वाचली, आणि थोडं मडक्यानं. दादा बसस्टँडवर सांगायचा की बहिणीनं दवाखान्याचा धोशा लावला म्हणून वाचली. ते ऐकायला मला गोड लागायचं आणि लगेच स्वतःचीच चीड यायची. माळेनं वाचली नाही हे मला ठाऊक होतं. पण दवाखान्यानंच वाचली, हे तरी मी कशावरून म्हणू? अशा काही बाया न जाताही वाचत असतील, काही जाऊनही जात असतील. एका बाईवरून काय कळतं. वहिनी समोर बाळाला पाजत बसलेली असायची आणि माझ्या डोक्यात हे चालू असायचं. काम सोडून द्यावं असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. माणूस वाचल्याचा साधा आनंदही ज्याला धड घेता येत नाही, त्या डोक्याचं करायचं काय?

सव्वा महिना झाल्यावर आई म्हणाली, नारळ द्यायला जायचं. म्हातारा पैसे घेत नाही. जो बरा होतो त्यानं स्वतः जाऊन त्याच्या ओट्यावर नारळ ठेवायचा, अशी तिथली रीत. आणि नारळ दोन लागणार होते, कारण एक माळ माझ्या नावावर आली होती. मी भांडले. मला कावीळ झालीच नव्हती, म्हटलं. आईनं शांतपणे सांगितलं की झाली नाही, कारण मडक्यानं ओढली. मी दुसरा नारळही पिशवीत टाकला आणि आम्ही निघालो.

म्हातारा किडकिडीत, लाजरा, बोटं सतत गाठी मारण्यात. त्याच्यावर रागवावं असं त्याच्यात काही नव्हतं. ओट्याच्या कोपऱ्यात नारळांचा ढीग पडला होता. मी त्या ढिगाकडे बघत राहिले. जे बरे झाले नाहीत ते नारळ घेऊन कसे येतील? त्यांचा ढीग कुठंच दिसत नाही. माझं अर्धं आयुष्य असलेच न दिसणारे प्रयोग हुडकण्यात गेलं आहे, जे फसले म्हणून कोणी छापलेच नाहीत. आणि मी न झालेल्या काविळीचा नारळ त्या ढिगावर ठेवला. ढीग एकानं वाढला. इतकी लाज आणि इतका राग मला एकदम कधी आला नव्हता.

तेवढ्यात एक सासू-सून ओट्यावर येऊन बसल्या. सून अगदी कोवळी, डोळे पिवळेधम्मक आणि पोट चांगलंच पुढं आलेलं. म्हाताऱ्यानं तिला पाहिलं आणि हौसेनं वहिनीकडे बोट दाखवलं. ही पण पोटुशीच होती, बघा आता लेकरू घेऊन आली, असं त्यानं सांगितलं. तो फसवत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढं जे होतं ते त्यानं सांगितलं. सासूनं वहिनीला हात जोडले.

मी मध्ये पडले. लिव्हर, रक्त गोठणं, आपोआप बरी होणारी माणसं आणि न होणारी, सगळं एका दमात. माझा आवाज चढला होता हे मलाच ऐकू येत होतं. सासू माझ्याकडे अशी बघत होती जशी मी बाजारात काहीतरी विकायला उभी आहे. म्हातारा गाठी मारत राहिला.

तेव्हा वहिनीनं बाळ माझ्या हातात दिलं आणि ती त्या पोरीशेजारी जाऊन बसली. चारचौघांत बोलणारी ती नव्हे. तिनं पोरीचा हात धरला.

"माय, हेच माळ माह्या पोटापोतर उतरली होती तरी तोंडातून रक्त आलं," ती म्हणाली. "दवाखान्यात औषध असते याचं. सुई देतेत, कावीळ मरते. तू इथून नीट तिथंच जाय."

डॉक्टरबाईंचा एकेक शब्द तिनं ऐकला होता. औषध नसतं हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. बोलताना तिनं नजर हलवली नाही.

सासूचा विश्वास बसला नाही. तिनं विचारलं, खरंच असतं का औषध. वहिनीनं माझ्याकडे मान केली. "यायले इचारा. यायचं कामच ते हाये."

सगळे माझ्याकडे वळले. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं.

"हाव," मी म्हटलं. "औषध हाये. गाडी आमची आहे, बसा."

सासूनं पिशवी उचलली आणि सुनेला हाताला धरून उठवलं.