मोठी आणि धाकटी

लीलाधर भारंबेची उंची पाच फूट एक इंच. हा आकडा त्याने स्वतः पोलादी पट्टीने घेतलेला होता, म्हणून त्याबद्दल शंका नको. वरणगावच्या फॅक्टरीत तो चेकर होता. सुटे भाग मापात बसतात की नाही ते बघायचं, बसला तो पास, अडकला त्याच्यावर लाल खडूची फुली. दिवसभर केसाएवढ्या फरकावरून लोकांशी भांडून संध्याकाळी तो क्वार्टरवर यायचा आणि सतरा इंच रुंद पोटाची गिटार मांडीवर घ्यायचा. मग समोरून बघणाऱ्याला गिटार दिसे, तिच्यावर टेकवलेली हनुवटी दिसे आणि खाली दोन चपला. बाकीचा लीलाधर असणार, असं गृहीत धरावं लागे.

ही गिटार त्याने एक्क्याऐंशी साली भुसावळच्या एका रेल्वे गार्डाकडून घेतली होती. गार्डसाहेब ऑस्ट्रेलियाला मुलीकडे कायमचे निघाले होते आणि विमानात गिटार न्यावी की बायकोच्या लोणच्याच्या बरण्या, या प्रश्नावर त्यांच्या घरात मतदान झालं होतं. लीलाधर ती घेऊन गावी गेला तेव्हा जीवराम आबा केळीच्या बागेतून नुकते परतले होते. त्यांनी आधी गिटारीकडे पाहिलं, मग पोराकडे.

"वाजवाले आनली," आबा म्हणाले, "का आता तिच्यात राहाले जाशीन?"

लीलाधरकडे याला उत्तर होतं. ते त्याच्याकडे नेहमीच तयार असे, फक्त थोडं लांब असे. लहान पोटाची गिटार बोलते, मोठ्या पोटाची घुमते. तांब्यात खडा टाकला तर आवाज होतो, विहिरीत टाकला तर आवाज *राहतो*. केळीचा घड आपण कसा निवडतो आबा? आबा म्हणाले, "वजनावर. आन् उचलाले मानूस पाह्यतो."

फॅक्टरीत याच विषयावर त्याचा एक कायमचा विरोधक होता. अभिमन, पिंपळनेरकडचा, सहा फूट उंच, खांदे बैलगाडीच्या जुवासारखे. त्याची गिटार मात्र इतकी लहान की ती त्याच्या हातात पंख्यासारखी दिसे. जेवणाच्या सुट्टीत दोघांचा वाद ठरलेला. वादात वारंवार गिटार म्हणावं लागे, ते कंटाळवाणं होतं, म्हणून लीलाधरची ती 'मोठी' आणि अभिमनची ती 'धाकटी' अशी नावं पडली. पुढे कॉलनीतल्या बायकासुद्धा म्हणू लागल्या, "आज भारंबेंची मोठी लई वेळ ओरडत होती."

"भाऊ, तुनी मोठी शे का कोठी शे?" अभिमन म्हणायचा. "तू तिना मांगे दपी जास."

"मी लपत नाही. मी तिच्यामागे बसतो."

"एकच शे रे भो!"

सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर छगननाना स्थळ घेऊन आले. नाना लग्नं जमवायचे आणि या कामात त्यांनी कधी मापाचा बाऊ केला नव्हता. मुलगी जामनेरच्या पंडित गुरुजींची, नाव कुंदा, शिकलेली, दिसायला चांगली. एवढं सांगून नानांनी सुपारी कातरायला घेतली. सुपारी नको तितकी बारीक झाली तेव्हा लीलाधरने विचारलं, "आणि?"

"पाच फूट सात."

लीलाधरने मनात वजाबाकी केली. सहा इंच.

"माह्यं आयक," नाना म्हणाले. "तीन जागी नाही झालं, उंचीपाई. मी म्हटलं, आपला लीलाधर हाये. त्याले मोठंच लागते!"

सहा वर्षं ज्याने मोठेपणाची वकिली केली, त्याला आता माघार घेणं अवघड होतं. पण खरी गोष्ट अशी की कुंदाला त्याने एकदा पाहिलं होतं. तिचे मामा कॉलनीतच राहायचे. त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाचा माईक बिघडला तरी लीलाधर मोठीवर वाजवत राहिला होता, तेव्हा मागच्या रांगेत एक मुलगी पुढच्यांच्या डोक्यांवरून आरामात बघत होती. बाकी सगळे एकमेकांशी बोलत होते. ती ऐकत होती. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. हे स्थळ हातचं जाऊ नये, अशी त्याची फार इच्छा होती, आणि माणसाची फार इच्छा असली की तो सल्ले ऐकायला लागतो.

सल्ला नानांनीच दिला. गुरुजींना संगीताची आवड आहे, वाजवायला सांगतील. पण मोठी नेऊ नको. तिच्याजवळ तू आहेस त्यापेक्षा चार बोटं कमी दिसतोस. अभिमनची धाकटी ने, तिच्याजवळ तू भरशील.

अभिमनने धाकटी दिली. देताना त्याने काहीच टोमणा मारला नाही, याचंच लीलाधरला वाईट वाटलं.

जामनेरला गुरुजींच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. पाहुणे बैठकीत बसले. कुंदा पोहे घेऊन आली आणि बसली. दारातून येताना ती वाकली, ते लीलाधरने पाहिलं. पोहे झाले, शिक्षण झालं, पगार झाला, आणि गुरुजी म्हणाले, "होऊन जाऊ द्या काहीतरी."

लीलाधर खुर्चीत ताठ बसला, धाकटी मांडीवर घेतली आणि वाजवू लागला. तो खरंच भरलेला दिसत होता, अगदी पाच फूट चार. फक्त ऐकू काही येत नव्हतं. गिरणीत कोणाची तरी ज्वारी चालू होती. गुरुजी भिंतीकडे बघत मान हलवत होते, ती गिरणीच्या तालावर हलत होती. वाजवणं संपलं हे लोकांना त्याचा हात थांबल्यावर कळलं.

तेव्हा कुंदाने मान वर केली आणि विचारलं, "मोठी नाही आणली?"

लीलाधर घाबरला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मोठी घरी आहे."

गुरुजींची बहीण शेवंताबाई दारापाशी बसली होती. तिने पदर सावरला.

"मोठी?" ती म्हणाली. "कोन मोठी? पहिली हाये का ह्याले?"

"नाही हो आत्या," लीलाधर घाईघाईने म्हणाला, "ती सहा वर्षांपासून आहे."

"सहा वर्सं!"

"भुसावळहून आणली. एका गार्डाची होती."

गुरुजी उभे राहिले. "आणि आज ती कुठे आहे म्हणालात?"

"पलंगावर. गोधडीत गुंडाळून ठेवली आहे. थंडीत तिला तडा जातो."

शेवंताबाईने कपाळावर हात मारला. छगननानांनी हातातली सुपारी न कातरताच तोंडात टाकली. शेवटी कुंदानेच सांगितलं की मोठी म्हणजे गिटार, मामांच्या कॉलनीत सगळे तिला तसंच म्हणतात. मग जो हशा उठला त्यात गिरणीही बुडाली. शेवंताबाईने डोळे पुसून पुसून पुन्हा पोहे वाढले. नानांनी डोळ्यांनीच लीलाधरला खूण केली, जमलं म्हणून समज.

हसत नव्हती ती एकटी कुंदा. "मग का नाही आणली?" तिने विचारलं.

"एसटीत त्रास होतो," लीलाधर म्हणाला.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर गुरुजींचं, वळणदार, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. 'मुलगा उंचीने कमी आहे, यास मुलीची हरकत नाही. तो ती लपवतो, यास आहे. कळावे.'

लीलाधरने ते कार्ड चार वेळा वाचलं. त्याच्या हातून फुली मारलेले हजारो नग भंगारात गेले असतील. कोणत्या मापात नापास, हे इतक्या थोडक्यात त्याने कधी लिहिलं नव्हतं.

छगननाना म्हणाले, दुसरं पाहू, जामनेरात काय एकच पोरगी हाये? अभिमन म्हणाला, "जाय ना भो. मोठी संगे लई जाय. बठ्ठा लोक हसतीन, हसू दे."

रविवारी तो गेला. नानांना सांगितलं नाही. एसटीत त्रास झालाच. भुसावळपर्यंत मोठी सीटवर बसली आणि तो उभा राहिला, पुढे दोघंही उभे राहिले. जामनेरच्या स्टँडपासून तो चालत निघाला तेव्हा समोरून येणाऱ्या एका म्हातारीने गिटारीला वाट दिली आणि मागून लीलाधर निघाल्यावर दचकली.

गुरुजी ओट्यावर पेपर तपासत होते. "मध्यस्थ कुठे आहेत?"

"नाहीत. मी आलोय."

"मुलीचा निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला. बरोबर आहे तो."

गुरुजींनी लाल पेन खाली ठेवलं नाही, पण टोपण लावलं. कुंदा आतून येऊन दारात उभी राहिली. मागून शेवंताबाईही आली.

"मी लहान दिसू नये म्हणून त्या दिवशी धाकटी आणली," लीलाधर म्हणाला. "एसटीचं खोटं सांगितलं."

"आणि आज?" कुंदाने विचारलं.

"आज दिसतोच आहे."

गिरणी चालू होती. कोणी सांगितलं नाही तरी त्याने ओट्याच्या कडेवर बसून मोठी मांडीवर घेतली. उजवा हात तिच्या पोटावरून टाकताना खांदा कानापर्यंत चढला, दर वेळी चढतो तसा. मग त्याने सगळ्यात जाड तार छेडली. तो आवाज ज्वारीच्या खालून आला, ओट्यातून आला, गुरुजींच्या पेपरांखालच्या पाटातून आला. गिरणीवाला बाहेर डोकावून गेला, त्याला वाटलं आपलाच पट्टा सुटला.

त्याने वाजवणं थांबवल्यावर कुंदा दारातून वाकून बाहेर ओट्यावर आली.

"लग्नात हार घालताना," ती म्हणाली, "मी वाकणार नाही. मी खूप दारांत वाकलेय."

"नका वाकू."

"आणि तुमच्या पायाखाली पाटावर पाट?"

"नको. एकच."

"हात पोचेल?"

लीलाधरने तिच्याकडे पाहिलं. पाच सात, वर अंबाडा, वर मुंडावळ्या. त्याने मनातल्या मनात मोजलं. उत्तर फार जवळचं येत होतं, केसाएवढ्या फरकाचं.

"पोचेल," तो म्हणाला.

"दाखवा," गुरुजी म्हणाले. तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तोंडी उत्तर पुरत नाही.

लीलाधरने गिटार शेवंताबाईच्या हातात दिली. ओट्यावर कुंदासमोर उभा राहिला, दोन्ही हातांत नसलेला हार धरला आणि हात वर नेले. कुंदा ताठ उभी होती. हात तिच्या कपाळावरून गेले, अंबाड्यापाशी क्षणभर अडखळले, पलीकडे उतरले आणि कुठेही न लागता खाली आले.

लग्न फाल्गुनात झालं. त्या रविवारी ओट्यावर लीलाधरच्या टाचा उचललेल्या होत्या की नव्हत्या, याबद्दल गुरुजी आणि शेवंताबाई यांचं अजून एकमत झालेलं नाही. कुंदाला विचारलं तर ती म्हणते, मी खाली बघत नव्हते.